मलिकाच्या हाताचा कॅमेरा

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जिलानीचं दुकान आहे. तिथे कुणीही गेलं की तो आधी हात मागतो. कॅमेरा बिघडलेला असो, नवा घ्यायचा असो, की हल्लीच्या दिवसांत मोबाइलला नुसतं कव्हर हवं असो, त्याचं एकच, "हात बघू." नवखा माणूस बिचकतो. एका गृहस्थाने तर तळहात पुढे करून मुलाचा मेडिकलला नंबर लागेल का, असं विचारलं होतं. जिलानीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो बोटं किती लांब आहेत ते बघतो, अंगठा कुठवर वळतो ते बघतो, आणि मग शांतपणे सांगतो की ही वस्तू तुमच्यासाठी नाही. गिऱ्हाईक परत पाठवण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही, असं शेजारचे दुकानदार म्हणतात, आणि ते खोटं नाही. ही खोड त्याला कशी लागली, त्याची ही हकीकत.

दुकान मुळात त्याच्या अब्बांचं. अब्बांचा फोटो स्टुडिओ होता आणि अब्बांची एक मोठी अडचण होती. लग्नाचे फोटो काढायला त्यांना सगळीकडून बोलावणं यायचं, पण नवरीच्या हळदीला आणि न्हाणाला, मुसलमान घरांत मांझ्याला आणि मेंदीला, पुरुष माणसाला आत मज्जाव. म्हणजे लग्नातली खरी धमाल जिथे चालायची, तिथे अब्बांचा कॅमेरा दाराबाहेर चपलांच्या राशीपाशी बसून राहायचा. मुलाचा उपयोग नव्हता, कारण तोही पुरुषच. शिवाय जिलानीला कॅमेरा उघडून बघायची भारी हौस, पण त्यातून बघायची अक्कल शून्य. त्याने काढलेल्या फोटोत निम्म्या वऱ्हाडाची डोकी कापलेली असत.

मग अर्धापूरच्या केळीच्या बागांतून मलिका त्यांच्या घरी सून म्हणून आली. तिची नजर अब्बांनी आठवड्याभरात हेरली आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. सून कॅमेरा घेऊन गावभर हिंडणार म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. अब्बांनी ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. वर्षा-दोन वर्षांत अशी वेळ आली की लातुरातल्या आयाबाया आधी मलिकाला तारीख विचारायच्या आणि मगच भटजींकडे किंवा काझींकडे जायच्या.

मलिकाची काम करायची एक रीत होती. बायकांचा घोळका समोर बसला की ती कॅमेरा डोळ्याला लावून खणखणीत आवाजात म्हणायची, "इकडं बघा गं बायांनो." त्याबरोबर सगळ्या ताठ व्हायच्या, पदर सावरायच्या, चेहरे दगडाचे करायच्या. मग ती पुढचं म्हणायची, "जन्मात एकदा तरी सरळ बघा." त्यावर एकजात सगळ्या फिस्सकन हसायच्या, आणि नेमक्या त्या हसण्यावर तिचं बोट पडायचं. बटण दुसऱ्या कुणी दाबून चालण्यासारखं नव्हतंच. हसू तिनेच उठवायचं आणि तिनेच टिपायचं. दाराबाहेर बसलेल्या पुरुषांनाही तो आवाज ऐकू यायचा आणि आत काय चाललंय याचा अंदाज करत तेही हसायचे.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली, तेव्हा मलिका औशाच्या पलीकडे एका खेड्यात बहिणीकडे, नाजियाकडे गेली होती. दोघी बहिणी वाचल्या. नाजियाचं घर वाचलं नाही, आणि मलिकाच्या उजव्या हातावर भिंतीचे दगड आले. हाड जुळलं, पण बोटं जुळली नाहीत; ती जी ताठ झाली ती ताठच राहिली. त्या भागात ज्यांची सगळी माणसं गेली, त्यांच्यापुढे आपल्या चार बोटांचं काय सांगायचं, असं तिला वाटायचं. म्हणून ती त्याबद्दल कधी बोललीच नाही. डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली, वेणी घालायला शिकली, अगदी सुईत दोरा ओवायलाही शिकली. कॅमेरा मात्र तिने फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला, आणि त्याच्याबरोबर ती खणखणीत हाकही ठेवून दिली.

जिलानीने तो जुना कॅमेरा कितीदा तरी खाली काढून उघडला होता. डाव्या हातासाठी तो फिरवता येईल का, हे बघायला. पण त्या कॅमेऱ्याचा धनी रीळ. रिळाची डबी एका अंगाला, गुंडाळायची चाकी दुसऱ्या अंगाला, मधून फिल्म सरळ जायला हवी, आणि ती ओढायची खुंटी उजव्या अंगठ्याखालीच. एक गोष्ट हलवावी तर बाकीच्या सगळ्या आडव्या यायच्या. शेवटी त्याने हात टेकले. मलिका ते सगळं बघायची आणि चहा ठेवायची.

मधल्या वर्षांत लातूर ओळखू येईनासं झालं. शिकवण्यांचं पेव फुटलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरंपोरी दप्तरं आणि गाद्या घेऊन उतरू लागली, ज्याच्या घरात एक खोली जास्त होती त्याने तिला वसतिगृह म्हणून टाकलं, आणि औसा रोडला क्लासच्या पाट्यांमुळे झाडं दिसेनाशी झाली. प्रत्येक पोराला प्रत्येक फॉर्मला फोटो लागायचा. अब्बा तोवर गेले होते. जिलानीने पुढच्या खोलीत निळा पडदा लावला आणि फोटो काढायला माणूस ठेवला, कारण त्याने स्वतः काढले असते तर लातूरचे निम्मे भावी डॉक्टर डोक्याशिवायच परीक्षेला बसले असते. तो स्वतः मागच्या खोलीत दुरुस्तीला बसायचा.

तिथेच एके दिवशी एक छोटा डिजिटल कॅमेरा आला. वसतिगृहातल्या एका मुलीने तो पाण्याच्या हौदात पाडला होता. साबणाच्या वडीएवढी वस्तू. जिलानीने बारीक बारीक स्क्रू काढले, वरचं टरफल उचललं आणि बघतच राहिला. आत रीळ नव्हतं. रीळ नसणार हे त्याला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. भिंग, त्याच्या मागे चित्र टिपणारी चिप, एक हिरवी पाटी, मागे पडदा, कडेला बॅटरी आणि फ्लॅशसाठी वीज साठवणारा नळीसारखा कंडेन्सर. हे सगळं एवढ्याशा जागेत असं काही बसवलं होतं की एखाद्या शहाण्या बाईने प्रवासाची पेटी भरावी. आणि पेटी एकदा भरली तशीच पुन्हा भरली पाहिजे असं थोडंच आहे. हे जर हलवता येत असेल, तर बटणही हलवता येईल. त्या दिवशी जिलानी जेवायला घरी गेला तेव्हा त्याला भाजी कसली होती तेही कळलं नाही.

पुढचा धक्का चंद्रप्रभाबाईंनी दिला. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या हळदीचे फोटो मलिकाने काढले होते, मलिका नवी नवी सून असताना. आता त्यांच्या मुलीचं, उर्वीचं लग्न ठरलं होतं. बाई घरीच आल्या, स्वयंपाकघरात मलिकासमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या की उर्वीची हळद तूच काढायची. मलिकाने हसून उजवा हात पुढे केला आणि विचारलं की कशाने काढू. बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "तू येणार नसशील तर मी दुसरं कुणी बोलावणार न्हाई. उर्वीची हळद बिनफोटोची होईल." मलिका नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून जिलानी बोलून गेला, "येईल की. कॅमेरा मी तयार करतो."

बाई गेल्यावर घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. त्या दोघांची घरातली बोली दखनी, बाजारातली मराठी, आणि भांडताना दोन्ही. मलिकाचं म्हणणं एवढंच की चारचौघींत आपण कॅमेरा घेऊन उभं राहावं आणि फोटो नीट येऊ नयेत, मग सगळ्यांनी "असू दे, असू दे" म्हणावं, यापेक्षा आपलं स्वयंपाकघर बरं. तिला भीती कशाची होती ते जिलानीला त्या दिवशी पुरतं समजलं. पण शब्द तर गेला होता, आणि लग्नाला महिन्याभराचाच अवधी होता.

त्याने आधी सोपी युक्ती केली. कॅमेरा नुसता उलटा धरला. बटण खाली येतं, ते डाव्या अंगठ्याने दाबायचं आणि फोटो नंतर सरळ करून घ्यायचा. स्वतःवर खूश होऊन त्याने मलिकाला नमुना काढायला सांगितलं आणि समोर रामकिशनला बसवलं. हा रामकिशन त्याचा शेजारी. क्लासच्या पाट्या करून देणारा, गोल चेहऱ्याचा, सदा हसतमुख. फोटो आला आणि मलिका पोट धरून हसली. कॅमेरा उलटा म्हणजे फ्लॅशही खालून. हनुवटी उजळलेली, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली कपाळावर. रामकिशन स्वतःचाच फोटो बघून दचकला. मलिका म्हणाली की अशी नवरी बघून वरात परत जाईल. मग जिलानीने ठरवलं की आता सगळं टरफलच नवं करायचं.

जुन्या बाजारातून त्याच जातीचे दोन मोडके कॅमेरे त्याने पैदा केले. टरफलासाठी ॲक्रिलिकचे तुकडे हवे होते, आणि ते रामकिशनकडे ढिगाने पडले होते. लातुरात रोज एक क्लास निघायचा, रोज एक क्लास नाव बदलायचा, त्यामुळे जुन्या पाट्यांना तोटा नव्हता. एका गणिताच्या क्लासची लालभडक पाटी दोघांनी मिळून कापली, कडा शेगडीवर गरम करून वाकवल्या, कानशीने घासल्या. बटणाची तार लांबवून डाव्या अंगाला आणली. आठवड्याभरात डाव्या हाताचा कॅमेरा तयार. जिलानीने तो डाव्या हातात धरून बघितला, झकास बसला. त्याने तो रुमालात बांधून घरी नेला आणि एखादा दागिना ठेवावा तसा मलिकासमोर ठेवला.

मलिकाने कॅमेरा उचलला, खिडकीकडे धरला, बटण दाबलं. फोटोत सगळं घर लालेलाल. पाटीचं ॲक्रिलिक उजेड आत सोडतं, हे दोन शहाण्यांच्या ध्यानात आलंच नव्हतं; क्लासच्या पाटीत दिवा लावायचा म्हणून ते तसंच असतं. पण तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या फोटोत अर्ध्या भागात तिचं बोट आलं. तिसऱ्याच्या वेळी कॅमेरा हातातून कलंडला, कारण बॅटरीचं वजन अजून उजव्याच अंगाला होतं आणि तिकडे धरायला हातच नव्हता. मलिकाने कॅमेरा खाली ठेवला. ती चिडली असती तर जिलानीला बरं वाटलं असतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या हातासाठी केलाय तुम्ही ह्यो. माझा हात तुम्ही बघितलाच न्हाई."

आणि ते खरं होतं. जिलानीचा पंजा तिच्या दीडपट. त्याने कॅमेऱ्याची मापं घेतली होती, पाटीची घेतली होती, ज्या हातासाठी हा सगळा खटाटोप, तो हात मात्र त्याने गृहीत धरला होता. एवढ्या वर्षांचा संसार, आणि बायकोच्या हाताचं माप माहीत नाही. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तो तिथेच भिंतीला टेकून बसला.

मलिका कणिक मळायला लागली. डाव्या हाताने, जोरजोरात. तो तिथे उगाच बसून आहे हे बघून तिला आणखी राग आला. तिने कणकेचा एक गोळा मुठीत गच्च आवळला आणि त्याच्याकडे भिरकावला. "घ्या. हा घ्या माझा हात." गोळा जिलानीच्या छातीवर आपटून मांडीवर पडला. त्याने तो उचलला, आणि फेकणार तेवढ्यात थांबला. कणकेवर चारही बोटं उमटली होती. तर्जनी कुठे पोचते, अंगठा कुठे टेकतो, तळव्याचा उंचवटा कुठे येतो, सगळं त्या गोळ्यावर होतं. जिलानीने वर बघितलं. "अजून एक दे," तो म्हणाला. "या वेळी फेकू नको, कॅमेरा धरल्यासारखं धर."

त्या संध्याकाळी त्या घरात पोळ्या झाल्याच नाहीत. मलिका कणकेचे गोळे धरून बघत होती आणि जिलानी ते ओळीने ताटात मांडत होता. एक गोळा हात उंचावून धरलेला, एक खाली वाकून, एक बसून. तिचा राग केव्हा गेला ते दोघांनाही कळलं नाही. शेवटच्या गोळ्याच्या वेळी तिने तर्जनी थोडी पुढे घेतली आणि सांगितलं की बटण इथे पाहिजे, कारण हसू आलं की बोट आपसूक इथे पडतं. मग जिलानीला कळलं की या कॅमेऱ्याचा आराखडा आपण काढायचाच नव्हता. तो तिच्या हातात आधीपासून होता, आपण फक्त त्याच्या भोवती बाकीचं बसवायचं होतं.

आता तो उलट्या बाजूने कामाला लागला. आधी हात, मग टरफल, मग आतलं. भिंग, हिरवी पाटी आणि मागचा पडदा कागदासारख्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले होते आणि त्या पट्ट्या लांबवता येत नाहीत. म्हणून ती तिन्ही त्याने एकत्रच ठेवली आणि सगळा गठ्ठा उजव्या अंगाला सरकवला. डावीकडे जी जागा झाली तिथे बॅटरी उभी बसवली, म्हणजे जिकडे हात तिकडे वजन. कंडेन्सर बॅटरीच्या जुन्या जागी गेला. जाता जाता त्याने जिलानीला असा झटका दिला की स्क्रू खोलीभर उधळले, आणि मग दोन दिवस तो त्या नळीला हात लावण्याआधी बिस्मिल्ला म्हणायचा. फ्लॅश वर, उजव्या टोकाला, बोटांपासून शक्य तेवढा लांब. झूमच्या बटणाला जागाच उरली नाही. त्याने भीतभीत मलिकाला विचारलं की हे काढून टाकलं तर चालेल का. ती म्हणाली, "मला पाय हायत की. जवळ जाईन."

चंद्रप्रभाबाई मधे एकदा डोकावल्या. जिलानीने उघडा कॅमेरा त्यांच्यापुढे धरला आणि काय कुठे गेलं ते अभिमानाने दाखवलं. बाई वर्गात बेडूक उघडून दाखवणाऱ्या. त्यांनी चष्मा वर सारून बारकाईने बघितलं आणि विचारलं की पोटातलं सगळं नीट बसलंय, पण ही कातडी उजेड अडवते का. तिथे घोडं अडलंच होतं. लाल ॲक्रिलिकला आतून साधा काळा रंग दिला तर तो चमकायचा आणि उजेड आतल्या आत नाचायचा. बाई म्हणाल्या की चमक नको असेल तर फळ्याचा रंग लावा. जिलानीने कपाळावर हात मारून घेतला. ज्या गावात घरटी एक फळा, तिथे त्याला फळ्याचा रंग आठवला नव्हता. त्याने आतून दोन हात दिले आणि लाल फोटो कायमचे बंद झाले. कॅमेरा बाहेरून लाल, आतून फळा.

मलिका रोज सराव करायची, पण कॅमेरा डोळ्याला लावून मुकाट्याने बटण दाबायची. या डिजिटलला एक खोड होती. बटण दाबल्यावर तो क्षणभर विचार करायचा आणि मग फोटो घ्यायचा. मलिका म्हणायची की हा सरकारी कचेरीतला दिसतो. शिकवण्यांच्या पोरींचे, नाजियाचे, रामकिशनच्या बायकोचे तिने कितीतरी फोटो काढले आणि ते चांगले आले. हाक मात्र तिने एकदाही दिली नाही. जिलानीने विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि एकदा नाही म्हटल्यावर मलिकाला मागे फिरणं जड जायचं.

हळदीच्या दिवशी चंद्रप्रभाबाईंच्या अंगणात मांडव होता. बाया आतल्या चौकात, पुरुष बाहेर खुर्च्यांवर. मलिका आत गेली आणि दार लोटलं गेलं. जिलानी नेमका अब्बांच्या जुन्या जागी, चपलांच्या राशीपाशी खुर्ची टाकून बसला. आतून जात्यावरची गाणी ऐकू येत होती, बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी कुणाला तरी हळद फासत असल्याचा गलका उठत होता. समोर कुणी चिवडा-लाडवाची बशी आणून ठेवली. त्याने ती हातात धरली आणि तशीच धरून ठेवली.

थोड्या वेळाने आतला गलका एकाएकी बसला. दार किलकिलं झालं आणि चंद्रप्रभाबाई बाहेर आल्या. तोंड, गळा, कोपरापर्यंत हात, सगळं पिवळं. त्यांच्या हातात कॅमेरा होता. तोही पिवळा. हळदीच्या चौकात कोरडं कुणाला ठेवतात. बायांनी मलिकालाही गालाला, हातांना भरपूर हळद लावली होती. ती तेलात कालवलेली हळद बोटावरून बटणाच्या फटीत गेली आणि बटण खाली बसलं ते वर येईना. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ती भिंतीला टेकून उभी हाय. बाया म्हणायल्यात, असू दे, असू दे. लवकर करा."

तेच ते शब्द. जिलानीने हातातली बशी खुर्चीवर ठेवली. त्याने कणकेवरून हात ओळखला होता, उजेड ओळखला होता, वजन ओळखलं होतं. आणि कॅमेरा हळदीला चाललाय हे माहीत असून हळद तेवढी विसरला होता. खिशातला पेचकस काढून त्याने टरफल उघडलं. बाईंनी देवघरातून कापसाच्या वाती आणल्या. वातीने त्याने फट पुसली, बटण मोकळं केलं, दाबून बघितलं, चाललं. पण आत गेल्यावर पुन्हा तेच होणार होतं. फट झाकायला काहीतरी हवं होतं, पातळ, चिकटणारं, बोटाखाली दबेल असं. त्याने इकडेतिकडे बघितलं, मग बाईंच्या कपाळाकडे बघितलं.

"टिकल्या हायत का घरात?" त्याने विचारलं. "मोठ्या, मखमलीच्या."

टिकल्या कुठल्या घरात नसतात. बाईंनी मोरीतल्या आरशावर चिकटवलेल्या दोन-चार ओरबाडून आणल्या. जिलानीने त्यातली सगळ्यांत मोठी, गडद मरून रंगाची टिकली निवडली आणि बटणावर अशी बसवली की बटण आणि फट दोन्ही तिच्याखाली गेली. अंगठ्याने कडा दाबल्या. कॅमेऱ्याला कुंकू लावल्यासारखं दिसत होतं. बाईंनी तो पदराखाली घेतला आणि त्या आत गेल्या. दार लागलं.

जिलानी उभाच राहिला. आत आधी कुजबुज झाली. मलिका काय करत असेल ते त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. ती कॅमेरा फिरवून बघत असेल, टिकलीवरून बोट फिरवत असेल. आणि मग आतून आवाज आला. आधी थोडा घोगरा, बऱ्याच वर्षांनी कडी काढलेल्या दारासारखा, आणि शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत.

"इकडं बघा गं बायांनो."

मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांनी माना वर केल्या. त्यांना तो आवाज ओळखीचा होता. एकाने तर हातातला पानाचा विडा तसाच धरून दाराकडे बघितलं.

"जन्मात एकदा तरी सरळ बघा."

आत चौकभर हसण्याचा लोट उठला आणि तो बाहेर मांडवात आला आणि बाहेरचेही कारण नसताना हसले. जिलानी बशी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला आणि रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही आणि ते लपवायलाही त्याला सुचलं नाही. आतून हाक पुन्हा आली, पुन्हा हसणं, पुन्हा हाक. कुणाच्या तरी सासूला नाव घ्यायला लावत होती, कुणाला पुढे बस म्हणत होती. असं वाटत होतं की साठलेल्या सगळ्या वर्षांच्या हाका ती एकाच दुपारी देऊन टाकणार.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा मलिका बाहेर आली. गाल पिवळे, हात पिवळे, साडीचा काठ पिवळा, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की जिलानीला ती अर्धापुराहून आली तो दिवस आठवला. तो काही बोलायच्या आत तिने डाव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच्याकडे रोखला. "इकडं बघा वो," ती म्हणाली. तो ताठ झाला. त्याने शर्ट सारखा केला, केसांवरून हात फिरवला, डोळे पुसले. मग तिने पुढचं म्हटलं, आणि तो हसला, आणि टिकलीवर तिचं बोट पडलं.

त्यानंतर जिलानीकडे लोक आपापले हात घेऊन येऊ लागले. नाजियाच्या गावचा एक माणूस, ज्याला भूकंपानंतर अंगठाच नव्हता. संधिवाताने वाकलेल्या बोटांच्या एक निवृत्त बाई. एक जन्मापासून डावखुरा हौशी तरुण. प्रत्येकाला तो आधी कणकेचा गोळा धरायला लावायचा. पुढे मोबाइल आले आणि ते छोटे कॅमेरे कपाटात गेले, पण मलिका आजही हळदीला तोच लाल कॅमेरा नेते. ॲक्रिलिकवरची हळद काही निघाली नाही, आणि कुणी काढायचा प्रयत्नही केला नाही. बटणावरची टिकली मात्र ती दर लग्नाला नवी लावते, नवरीच्या साडीला शोभेल अशी.

दुकानात गेलात तर गल्ल्याच्या वर भिंतीवर तो फोटो आहे. चपलांच्या राशीपाशी खुर्चीवर बसलेला जिलानी, मांडीवर चिवड्याची न खाल्लेली बशी, डोळे ओले आणि तोंडभर हसू. डोकं मात्र पुरतं आलं आहे.